किंमत आणि मोल : नव्या महागड्या प्रोसेसरचा हिशेब

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठीत ‘किंमत’ आणि ‘मोल’ हे दोन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सहज येतात. तथापि त्यांची कुळे वेगळी आहेत आणि स्वभावही वेगळे आहेत. ‘किंमत’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि बाजारात स्थिरावला. ‘मोल’ हा शब्द संस्कृतातील ‘मूल्य’ ह्या शब्दापासून निघाला आणि घरात रुळला. किंमत वस्तूच्या वेष्टनावर छापलेली असते. मोल मात्र मोलमजुरी, मोलकरीण अशा शब्दांतून माणसाच्या श्रमाशी आणि वेळेशी बांधले गेले आहे. एखाद्या वस्तूला दिलेले पैसे वसूल होतात की नाही, असे जेव्हा विचारले जाते, तेव्हा वस्तुतः किंमत एका पारड्यात आणि मोल दुसऱ्या पारड्यात ठेवलेले असते.

संगणकाच्या बाजारात हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. संगणकाचा जो भाग हिशेब करतो, आज्ञा पाळतो आणि इतर सर्व भागांना कामाला लावतो, त्यास प्रोसेसर म्हणतात. इंटेल आणि ए.एम.डी. ह्या दोन अमेरिकी कंपन्या घरगुती आणि कार्यालयीन संगणकांसाठी त्यांची नवनवी मालिका काढतात. प्रत्येक मालिकेत एक शिडी असते. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२४ मध्ये ए.एम.डी.ने रायझन ९००० ही मालिका बाजारात आणली, तेव्हा तिच्यातील सहा कोअरच्या ९६००एक्स ह्या प्रोसेसरची अमेरिकेतील किंमत २७९ डॉलर होती आणि सोळा कोअरच्या ९९५०एक्सची ६४९ डॉलर. भारतात त्यावर वस्तू व सेवा कर आणि व्यापाऱ्याचा नफा चढतो. शिडीच्या वरच्या पायरीवर हात ठेवावा की मधल्या, हा विचार मग अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या वडिलांना पडतो, छापखान्याच्या मालकाला पडतो आणि देणगीच्या पैशातून संगणक घेऊ पाहणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीलाही पडतो. पैसा मोजकाच असल्यामुळे एका ठिकाणी तो अधिक गेला तर दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

प्रथम ही शिडी तयार कशी होते ते पाहावयास हवे. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या एका चकतीवर एकाच वेळी शेकडो प्रोसेसर उमटवले जातात. बागेतून उतरवलेल्या आंब्यांची जशी प्रतवारी होते, तशीच ह्यांचीही होते. चकतीवर कोठे सूक्ष्म दोष राहतो, कोठे एखादा भाग कमी गतीनेच चालतो. जो तुकडा सर्वांत वेगाने आणि कमी विजेत चालतो तो वरच्या पेटीत जातो. ज्याचा एखादा कोअर सदोष आहे, त्याचा तेवढा भाग बंद करून तो खालच्या नावाने विकला जातो. उत्तम प्रतीचे तुकडे थोडेच निघतात. ह्या दुर्मिळतेची किंमत आकारणे स्वाभाविक म्हटले पाहिजे.

परंतु शिडीच्या सर्वच पायऱ्या निसर्गनियमाने पडत नाहीत. काही बाजाराच्या सोयीसाठी मुद्दाम घडवल्या जातात. इंटेलने १९८९ मध्ये ४८६ डी.एक्स. हा प्रोसेसर काढला. त्यात अपूर्णांकांची आकडेमोड करणारा गणिती भाग अंतर्भूत होता. पुढे १९९१ मध्ये ४८६ एस.एक्स. ह्या नावाने स्वस्त आवृत्ती आली. आरंभीच्या एस.एक्स.मध्ये तो गणिती भाग जागेवर असूनही बंद करून ठेवलेला होता. ज्यास पुढे त्या भागाची गरज वाटेल, त्याने ४८७ एस.एक्स. हा जोडप्रोसेसर घ्यावा, अशी व्यवस्था होती. आणि हा जोडप्रोसेसर म्हणजे प्रत्यक्षात संपूर्ण ४८६ डी.एक्स.च असून तो बसवताच मूळचा प्रोसेसर निकामी होऊन नुसता जागा अडवून बसे. ग्राहकाने एका वस्तूचे पैसे दोनदा द्यावेत असा हा प्रकार होता. त्यात बेकायदा काही नसले, तरी किंमत ही नेहमी निर्मितीखर्चावरून ठरत नाही, हे त्यावरून ध्यानात येते. कोण किती देऊ शकेल, ह्याचाही अंदाज तिच्यात मिसळलेला असतो.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण १९९८ मधील आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने एकाच वेळी दोन प्रोसेसर आणले. ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ हा ६६९ डॉलरला होता आणि ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए हा १४९ डॉलरला. जाणकारांच्या लवकरच लक्षात आले की, मदरबोर्डावरील गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली, तर पुष्कळसे सेलेरॉन ४५० मेगाहर्ट्झवरही बिनतक्रार चालतात आणि अनेक कामांत महागड्या पेंटियमच्या बरोबरीला येतात. बाजाराने दोघांच्या मध्ये उभी केलेली ५२० डॉलरची भिंत किती पातळ होती, हे त्या प्रसंगाने जगासमोर आले.

आता शिडीच्या शेवटच्या पायरीविषयी. नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलने कोअर आय-७ मालिका सुरू केली. तिच्यातील ९२० हा प्रोसेसर २.६६ गिगाहर्ट्झचा असून त्याची किंमत २८४ डॉलर होती. ९६५ एक्स्ट्रीम हा ३.२ गिगाहर्ट्झचा असून त्याची किंमत ९९९ डॉलर होती. दोहोंतही कोअर चारच होते आणि अंतर्गत स्मृतीही सारखीच होती. ९६५ची गती वाढवण्याची अधिक मोकळीक ग्राहकाला होती, हे खरे. तरीही मूळ गतीतील वाढ सुमारे २० टक्के आणि किमतीतील वाढ साडेतीन पट, हे प्रमाण बोलके आहे. अलीकडचा दाखला घ्यावयाचा तर इंटेलचा आय-९ १४९००के हा ऑक्टोबर २०२३ मध्ये ५८९ डॉलरला आला. त्याची कमाल गती ६ गिगाहर्ट्झ होती. मार्च २०२४ मध्ये त्याचाच १४९००केएस हा थोरला भाऊ ६८९ डॉलरला आला; त्याची कमाल गती ६.२ गिगाहर्ट्झ. गतीत सुमारे ३ टक्क्यांची भर आणि किमतीत १७ टक्क्यांची. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर पैसा आणि काम बहुधा बरोबरीने चढतात. वर गेल्यावर पैसा पुढे धावू लागतो आणि काम मागे राहते.

ह्याचे एक कारण पदार्थविज्ञानात आहे. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज ही गतीच्या प्रमाणात वाढते, तशीच विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. आणि गती वाढवावयाची तर दाबही वाढवावा लागतो. त्यामुळे शेवटची थोडीशी गती मिळवण्यासाठी विजेचा आणि उष्णतेचा मोठा भार सोसावा लागतो. वर उल्लेखिलेल्या १४९००केची मूळ मर्यादा १२५ वॉट आहे, परंतु पूर्ण जोरात चालताना ती २५३ वॉटपर्यंत जाते. एवढी उष्णता वाहून नेण्यासाठी मोठे पंखे किंवा पाण्याची शीतनयंत्रणा, भक्कम वीजपुरवठ्याचा डबा आणि त्याच तोलाचा मदरबोर्ड घ्यावा लागतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी ज्याची अवस्था होते, त्याने निदान मसाल्याचा खर्च आधी मांडून पाहिलेला असावा.

गतीच्या ह्या मर्यादेमुळे काळही पालटला आहे. १९९३ मध्ये पेंटियम आला, तेव्हा त्याची वरची गती ६६ मेगाहर्ट्झ होती. २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३,८०० मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. म्हणजे ११ वर्षांत गती सुमारे ५७ पट झाली. त्यानंतरच्या २० वर्षांत ती ३.८ वरून ६.२ गिगाहर्ट्झवर आली, म्हणजे दुपटीलाही पोहोचली नाही. अर्थात गतीच्या एकाच ठोक्यात पूर्वीपेक्षा अधिक काम उरकण्याची युक्ती ह्या काळात पुष्कळ सुधारली. तरीही १९९० च्या दशकात नवा प्रोसेसर घेणाऱ्यास जो चमत्कार अनुभवास येई, तो आता येत नाही. त्या दशकातील ग्राहकाची सवय मात्र अनेकांच्या अंगी अद्याप टिकून आहे.

गती वाढेना म्हणून २००५ पासून कंपन्यांनी एकाच प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ, सोळा असे कोअर बसवण्यास प्रारंभ केला. येथे जीन अॅमडाल ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला एक विचार ध्यानात ठेवावा लागतो. लग्नघरच्या पंगतीत वाढपी दुप्पट केले, तर वाढणे लवकर उरकते. पण भात शिजण्यास जेवढा वेळ लागावयाचा तेवढा लागतोच. समजा, एखाद्या कामास १०० मिनिटे लागतात; त्यांपैकी ६० मिनिटांचे काम अनेकांत वाटता येते आणि ४० मिनिटांचे एकामागून एकच करावे लागते. आठ कोअर लावले, तर ते साडेसत्तेचाळीस मिनिटांत होईल. सोळा लावले, तर सुमारे ४४ मिनिटांत. चौसष्ट लावले, तरी ४१ मिनिटांच्या आसपासच राहील. आठांवरून चौसष्टांवर जाताना खर्च अनेक पटींनी वाढतो आणि हाती मिनिटे लागतात जेमतेम साडेसहा. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, वाचन, इंटरनेट ही दैनंदिन कामे तर ह्याहूनही कमी वाटण्याजोगी असतात. सोळा कोअरच्या संगणकावर पत्र लिहिणाऱ्याचे बहुतेक कोअर स्वस्थ बसून असतात.

ग्रंथालयाच्या सभासदांना आणखी एक गोष्ट चटकन पटेल. वाचकाच्या मेजावर उघडे असलेले पुस्तक, वाचनगृहातील कपाटातले पुस्तक आणि तळघरातील भांडारातून शिपायाकडून मागवावे लागणारे पुस्तक, ह्या तिहींना हाती येण्यास लागणारा वेळ अगदी भिन्न असतो. संगणकातही प्रोसेसरच्या पोटातील कॅश, त्याच्याजवळची रॅम आणि दूरची डिस्क अशी हीच व्यवस्था असते. वाचक कितीही शीघ्र वाचणारा असो, पुस्तक भांडारातून यावयाचे असेल तर तो हात बांधून बसतो. ए.एम.डी.ने एप्रिल २०२२ मध्ये ४४९ डॉलरला आणलेला आठ कोअरचा रायझन ५८००एक्स-३डी हा प्रोसेसर खेळांच्या कित्येक चाचण्यांत ५८९ डॉलरच्या, सोळा कोअरच्या इंटेल आय-९ १२९००केच्या तोडीस तोड ठरला, काही ठिकाणी पुढेही गेला. त्याचे मुख्य कारण म्हणजे त्याला दिलेले ९६ मेगाबाइटांचे मोठे मेज. त्याच न्यायाने, जुन्या संगणकातील फिरती हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसवली आणि रॅम वाढवली, तर सामान्य वापरात जो फरक जाणवतो, तो महागड्या प्रोसेसरनेही जाणवत नाही. भांडार दूर असताना वाचक बदलून काय उपयोग?

काळाचा आणखी एक हिशेब आहे. इंटेलने सप्टेंबर २०१७ मध्ये अठरा कोअरचा आय-९ ७९८०एक्सई हा प्रोसेसर १,९९९ डॉलरला विकावयास काढला. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये अठराच कोअरचा आय-९ १०९८०एक्सई आला, तो ९७९ डॉलरला. मध्यंतरी स्पर्धा वाढली होती. मार्च २०१७ मध्ये ए.एम.डी.ने आठ कोअरचा रायझन ७ १८००एक्स ४९९ डॉलरला आणला, तेव्हा इंटेलच्या आठ कोअरच्या आय-७ ६९००केसाठी हजाराहून अधिक डॉलर पडत होते. असे पूर्वीही घडले होते. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ह्यांचे नाव पेंटियमच्या निर्मितीशी जोडले जाते. ६६ मेगाहर्ट्झच्या त्या पहिल्या पेंटियमची घाऊक किंमत ९६४ डॉलर होती. इंटेल सोडल्यानंतर हेच धाम नेक्सजेनमार्गे ए.एम.डी.च्या के-६ ह्या प्रोसेसरच्या कामात सहभागी झाले. १९९७ मध्ये आलेला के-६ पेंटियम २ पेक्षा स्वस्त होता आणि जुन्या पद्धतीच्या मदरबोर्डावरही बसत होता. ज्या हातांचा महाग वस्तूच्या घडणीत वाटा, त्याच हातांचा ती स्वस्त करण्यातही वाटा, असा हा योग आहे. तात्पर्य, शिखरावरच्या किमतीत ‘सर्वांआधी’ ह्या शब्दाचे मूल्य मोठे असते, आणि ते वर्ष-दोन वर्षांत विरून जाते.

“महाग घेतले म्हणजे पुष्कळ दिवस टिकते,” असा युक्तिवाद नेहमी केला जातो. भांड्यांच्या किंवा लाकडी कपाटांच्या बाबतीत तो खरा असेल. प्रोसेसरच्या बाबतीत त्याची परीक्षा २०२१ मध्ये झाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ प्रसिद्ध केली आणि ती कोणत्या प्रोसेसरवर चालावी ह्याची अधिकृत यादी दिली. इंटेलचा दहा कोअरचा आय-७ ६९५०एक्स हा २०१६ मध्ये १,७०० डॉलरांहून अधिक किमतीला आलेला प्रोसेसर त्या यादीत नव्हता. २०१७ च्या अखेरीस आलेला चार कोअरचा आय-३ ८१०० हा ११७ डॉलरचा प्रोसेसर मात्र यादीत होता. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधारही संपला. पहिला प्रोसेसर दुसऱ्यापेक्षा कितीतरी समर्थ होता, ह्यात शंका नाही. परंतु त्याचे आयुष्य त्याच्या सामर्थ्याने ठरले नाही, त्याच्या पिढीने ठरवले. त्यामुळे एकदाच डोंगराएवढा खर्च करण्यापेक्षा मधल्या पायरीचा प्रोसेसर घेऊन पाच-सहा वर्षांनी पुन्हा मधल्याच पायरीचा घेणे, हा मार्ग बहुतेकांना अधिक लाभाचा ठरतो.

नव्याची नवलाई सांगताना नव्याचा धोकाही सांगावयास हवा. १९९४ मध्ये अमेरिकेतील लिंचबर्ग महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली ह्यांना जुळ्या मूळ संख्यांवर काम करताना पेंटियमच्या भागाकारात चूक आढळली. प्रथम इंटेलने तिला क्षुल्लक मानले. परंतु डिसेंबरमध्ये मागेल त्यास प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य करावे लागले आणि त्यापायी ४७५ दशलक्ष डॉलरांचा भार सोसावा लागला. ऑगस्ट २००० मध्ये १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ अस्थिर ठरल्यामुळे परत घ्यावा लागला. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील, विशेषतः वरच्या श्रेणीतील प्रोसेसर कोलमडू लागल्याच्या तक्रारी आल्या. विद्युतदाब अवाजवी वाढत असल्याचे कंपनीने मान्य केले, दुरुस्तीची आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी सर्वांत अधिक पैसे मोजले, त्यांच्या वाट्यास सर्वांत अधिक मनस्ताप यावा, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

इतके सर्व सांगितल्यावर महाग प्रोसेसर कोणीच घेऊ नये, असा निष्कर्ष काढला तर तो मात्र अन्यायाचा होईल. फेब्रुवारी २०२० मध्ये ए.एम.डी.ने चौसष्ट कोअरचा थ्रेडरिपर ३९९०एक्स ३,९९० डॉलरला आणला. घरच्या वापरासाठी हा आकडा वेडेपणाचा वाटेल. परंतु चित्रपटातील दृश्ये संगणकावर रंगवणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने त्याची तुलना इंटेलच्या अठ्ठावीस कोअरच्या झिऑन प्लॅटिनम ८२८० शी होती, ज्याची सूचीतील किंमत प्रत्येकी १०,००० डॉलरांच्या आसपास होती. चित्रांची चौकट न् चौकट स्वतंत्रपणे रंगवता येते. तेथे भात शिजण्याची वाट पाहावी लागत नाही, सगळे वाढपीच लागतात. अशा ठिकाणी शिखरावरची वस्तूही स्वस्त ठरते.

मग निर्णय कशावर करावा? एक साधा प्रश्न विचारला तरी पुरे : यंत्राचे काम चालू असताना त्याच्यासमोर कोणी माणूस वाट पाहत बसला आहे काय? समजा, एका कारागिरास महिन्याला ४०,००० रुपये वेतन आहे आणि तो महिन्यात २०० तास काम करतो. म्हणजे त्याच्या तासाचे मोल २०० रुपये. ३०,००० रुपये अधिक देऊन घेतलेल्या प्रोसेसरने त्याचा रोजचा अर्धा तास वाचला, तर दिवसाला १०० रुपये वाचले आणि ३०० कामाच्या दिवसांत, सुमारे वर्षभरात, पैसे फिटले. ती खरेदी शहाणपणाची होय. परंतु रोज पाचच मिनिटे वाचणार असतील, तर तेच पैसे फिटण्यास १,८०० कामाचे दिवस, म्हणजे सहा वर्षे लागतील; आणि तोवर तो प्रोसेसर स्वतःच जुना झालेला असेल. येथे यंत्राची किंमत यंत्राने ठरत नाही, माणसाच्या मोलाने ठरते. ज्या कामापुढे कोणी वाट पाहत नाही, त्या कामासाठी वेग विकत घेणे म्हणजे रिकाम्या घरात समई लावून ठेवण्यासारखे आहे.

ह्या विचाराला महाराष्ट्राच्या भूमीवरील एक मोठा दाखला आहे. १९८० च्या दशकात हवा तसा शक्तिशाली क्रे महासंगणक भारताला देण्याबाबत अमेरिकेने हात आखडता घेतला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. एखादा अतिमहागडा प्रोसेसर हाती नसताना, बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्यूटर’ नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्यात काम वाटून देण्याची रीत ह्या संगणकात वापरली होती. कामाचे स्वरूप आधी नीट समजून घेतले, तर साध्या साधनांतूनही मोठे कार्य उभे राहते, ही त्या उद्योगाची शिकवण होय. त्याच संस्थेने प्रसारित केलेल्या ‘जिस्ट’ कार्डामुळे साध्या संगणकावर देवनागरी उमटू लागली. मराठी माणसाला त्या वेळी गतीपेक्षा लिपीची गरज अधिक होती, आणि ती एका कार्डाने भागवली.

बृहन्महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांपुढे आज जी कामे उभी आहेत, त्यांनाही हीच कसोटी लावून पाहता येईल. पहिले काम सूचीचे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० पासून वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त आज्ञावली घेतली, तरी मध्यम आकाराच्या ग्रंथालयाची सूची साध्या संगणकावर सुखाने चालते. तेथे वेळ लागतो तो नोंदी अचूक लिहिणाऱ्या माणसाला. दुसरे काम जीर्ण पुस्तकांच्या प्रतिमा घेण्याचे. पिवळी पडलेली, हात लावताच तुटणारी पाने एकेक करून उलटावी लागतात. तेथे चांगला स्कॅनर आणि हळुवार हात हवा, आणि पान उलटण्याची गती कोणताही प्रोसेसर वाढवू शकत नाही. तिसरे काम त्या प्रतिमांतून देवनागरी अक्षरे ओळखून मजकूर तयार करण्याचे. हे मात्र अनेक कोअरना वाटून देण्याजोगे आहे, कारण प्रत्येक पान स्वतंत्र असते. परंतु ते रात्री लावून ठेवता येते. सकाळी ग्रंथपाल येण्यापूर्वी काम झालेले असले म्हणजे पुरे. मग ते पहाटे दोनला संपले की पाचला, ह्याची पंचाईत कोणाला?

चौथे काम जुन्या संगणकीय मजकुराचे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांमध्ये जुळवलेला मराठी मजकूर आज युनिकोडमध्ये आणला नाही, तर तो उघडल्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. ह्या कामास योग्य परिवर्तक आणि मुद्रिते तपासणारी डोळस माणसे लागतात. चारही कामांत जेथे जेथे अडते, तेथे तेथे माणूस, स्कॅनर, साठवण आणि जपणूक ह्यांचीच उणीव निघते. देणगीचे पैसे शिखरावरच्या प्रोसेसरवर खर्च झाले आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवावयाच्या प्रतींच्या डिस्का घेण्यास पैसे उरले नाहीत, तर एका बिघाडात वर्षांची मेहनत वाहून जाईल. वाळवी आणि ओल ह्यांपासून वाचलेले पुस्तक डिस्कच्या बिघाडाने दुसऱ्यांदा गमावणे, ह्यासारखे दुर्दैव नाही.

घरच्या खरेदीलाही हाच न्याय लागू पडतो. विद्यार्थ्यास मधल्या पायरीचा प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि एस.एस.डी. असलेला संगणक बहुधा संपूर्ण शिक्षणकाळ पुरतो. उरलेल्या पैशांत त्याची पुस्तके येतात. चित्रफितींचे संकलन, बांधकामाची रेखाटने किंवा मोठ्या आज्ञावलींची घडण ज्याचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, त्याने मात्र आपल्या रोजच्या कामाचा नमुना घड्याळ लावून तपासावा आणि हिशेब जमला तर निःशंकपणे वरची पायरी घ्यावी. केवळ हौस म्हणून घेणाऱ्यासही दोष देण्याचे कारण नाही. पैठणीची किंमत कोणी सुताच्या वजनावर काढत नाही. फक्त हौसेला गरजेचे नाव देऊ नये आणि संस्थेच्या पैशाने हौस भागवू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी अशी ग्रंथालये उभी केली, त्यांच्या हाती द्रव्य थोडे होते. लहानशा वर्गणीतून कोणते पुस्तक घ्यावे आणि कोणते पुढील वर्षावर टाकावे, ह्याचा विचार त्यांना दर वेळी करावा लागे. वाचक काय वाचू इच्छितो आणि त्याची वाट पाहणे कशाने कमी होईल, हाच त्या विचाराचा मध्यबिंदू होता. पुस्तकांच्या जागी यंत्रे आली, तरी तो मध्यबिंदू हलण्याचे कारण नाही. किंमत कंपन्या ठरवतील आणि दरवर्षी बदलतील. मोल मात्र यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या वेळेवरून ठरेल, आणि तो हिशेब ज्याचा त्यानेच मांडावयाचा आहे.